ग्लेनिसचं लोहचुंबक

मोरकॅमच्या किनाऱ्यावर, बंद पडलेल्या बिंगो हॉलच्या मागे
ग्लेनिस पोस्टलथ्वेटचं गॅरेज आहे.
पाटी नाही. ओहोटी लागली की चिखलाचा वास आत येतो
आणि पेट्रोलच्या वासाशी हुज्जत घालत बसतो.

कीरन स्कूटर ढकलत आला तेव्हा ती चहा पीत होती.
आभाळी आणि सायीचा, असा दुरंगी रंग,
क्रोमचे आरसे. तिनं मोजले. अकरा.
'बासष्टची आहे,' तो म्हणाला, 'इटलीची. अस्सल.'
'आणि बंद कुठे पडली?'
'लँकेस्टरच्या चढावर.' मग जरा वेळानं, 'तीनदा.'

ती काही बोलली नाही.
फ्रिजच्या दारावरून तिनं लोहचुंबक काढलं,
ब्लॅकपूलच्या मनोऱ्याचं, टोक तुटलेलं,
आणि डॉक्टर पाठीला नळी लावतो तसं
स्कूटरच्या गुबगुबीत कुशीला लावलं.

पडलं.

जरा वर लावलं. पडलं.
पाय ठेवायच्या जागी धरलं क्षणभर, मग
लाजल्यासारखं घसरत खाली आलं.

पितळ उघडं पडलं असतं तरी चाललं असतं,
निदान धातू तरी.
इथे निघाली लांबी, बोटभर जाड,
पापुद्र्यापापुद्र्यानं: आभाळी, आभाळीखाली हिरवा,
हिरव्याखाली कुठल्याशा लग्नाचा लाल,
आणि सगळ्यांत आत तेलाच्या डब्याचा पत्रा,
त्यावर छापलेली अक्षरं,
डोक्यांवर टोप्या, पायांशी ठिपके.

'सायगॉन,' ग्लेनिस म्हणाली. 'माझ्याकडची ही पाचवी.
पुढचं एकीचं, मागचं दुसरीचं,
इंजिन तिसरीचं असावं, नंबर हातानं ठोकलेला.
बघ, हा सात कसा कलंडलाय.'

'म्हणजे फसवलं त्यांनी.'

तिनं जोडावरून अंगठा फिरवला. सावकाश.
'हा हात बघ. उजेड नसणार धड, पत्रा त्याहून नसणार,
तरी रेघ सरळ गेलीये.
ज्यानं हे जोडलं त्यानं तुला बासष्ट सांगितलं नाही.
बासष्ट सांगणाऱ्याला जोडता येत नाही,
त्याला फोटो काढता येतात.'

बाहेर सीगल कुणाच्या तरी चिप्सवर भांडत होते.

'आधी काय चालवायचास?'
कीरन आरशांकडे बघायला लागला. अकराही आरशांत तोच.
'तैवानची होती. बाबांची. जुन्यासारखी दिसणारी.
गोल दिवा, मागे स्टेपनीचं झाकण,
झाकणात स्टेपनी नाहीच, नुसती हवा.
क्लबातली पोरं म्हणायची,
चेहरा आजोबांचा नि जन्म परवाचा.'
'आणि चालायची?'
'नऊ वर्षं. एकदा बॅटरी बदलली.'
'जानेवारीत?'
'जानेवारीतसुद्धा. बटण दाबलं की.'

विकली. वर सतराशे पौंड घालून ही घेतली.
ती आता मिसेस हेस्केथकडे असते,
पहाटे साडेपाचला मासे घेऊन निघते.
कीरनला अंथरुणात आवाज ओळखू येतो.
हे त्यानं ग्लेनिसला सांगितलं नाही,
तिनं विचारलं नाही.

'मग ही भंगारात?'

ग्लेनिसनं पुन्हा लोहचुंबक उचललं,
तेलाच्या डब्याच्या त्या तुकड्याजवळ नेलं.

टक्क.

असं बसलं, की नखानं उचकटावं लागलं.
'एवढं खरं आहे,' ती म्हणाली. 'इथून सुरू करू.
धावेल. मागे कुणाला बसवायचं नाही, मी सांगेपर्यंत.
आणि हा पत्रा रंगवायचा नाही.'

मग तेलकट वही उघडली.
नाव: कीरन थ्रेलफॉल.
तक्रार: चढ.
पुढचा रकाना, बनावट.

पेन्सिल तिथे बराच वेळ टेकलेली राहिली.
चहा निवला. तिनं रकाना तसाच सोडला
आणि पाना शोधायला उठली.